हंगामाच्या सणाचा भोपळा

मला द्यायला आवडतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझं जे हसं झालं ते यातूनच झालं. घेणं मला कधी जमलं नाही. नगरकडच्या आमच्या गावात शेजारणीने वाटीभर कढी पाठवली तर तिची वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत सगळ्याच पाळतात. माझं त्याच्या पुढचं होतं. मी त्या वाटीत कढीपेक्षा भारी काहीतरी घालून पाठवायचे आणि मग दोन दिवस अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी फिरायचे. माझा नवरा याला माझा आजार म्हणायचा. चर्चमध्ये अर्पणाची थैली फिरायला लागली की मी मुलांनाही एकेक नाणं द्यायचे, थैलीत पडताना आवाज व्हावा म्हणून.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी इस्राएलला आले. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला आमच्याकडच्या बायका तेव्हा नुकत्याच तिकडे जायला लागल्या होत्या. मला तेल अवीवजवळ पेताह तिक्वाला काम मिळालं, आणि नशीब असं की आजी मराठी बोलणाऱ्या निघाल्या. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घराण्यातल्या, जन्म अलिबागकडच्या खेड्यातला, लग्नानंतर मुंबईत राहिलेल्या. साठीच्या दशकात इकडे आल्या होत्या, पण त्यांच्या मराठीत अजून ट्राम चालत होती. त्यांची मुलगी इथेच वाढलेली, बँकेत नोकरीला. आई मराठीत बोलायची, ती हिब्रूत उत्तर द्यायची आणि दोघींचं भांडणसुद्धा असं दोन भाषांत बिनचूक चालायचं.

पहिल्या दिवशी आजींनी मला विचारलं, "तू किरिस्ताव काय?"

मी हो म्हटलं.

"मग माझी भांडी नीट सांभाल, बाय. दुधाची वेगली, मटनाची वेगली. बाकी तुझा देव तुझ्यापाशी."

भांडी मी नीट सांभाळली. आमचं चांगलं जमलं.

शनिवारी मला सुट्टी असायची. आजींची मुलगी त्यांच्याजवळ बसायची आणि मी तेल अवीवला लागून असलेल्या याफोला चर्चला जायचे. शब्बात, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असल्यामुळे बस बंद, पण शेरूत, म्हणजे दहा माणसांची ती पिवळी गाडी, मिळायची. देशभर कामाला असलेल्या आमच्या लोकांना रविवारी कोण सुट्टी देणार, म्हणून आमची रविवारची उपासना शनिवारी दुपारी व्हायची. चर्च जुनं, दगडी. तिथले मूळचे लोक याफोतले अरब ख्रिस्ती. त्यांनी मागचा हॉल आम्हाला दिला होता. आमच्या आधी फिलिपिनो बायकांची उपासना असायची आणि आमच्यानंतर आणखी कुणाची तरी. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, चाळीस-पन्नास असतील. बहुतेक सगळे म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालणारे, थोडे पुरुष शेतांवर काम करणारे.

सगळ्या भाषांच्या मंडळ्यांचा मिळून एक मदतनिधी होता. परदेशातल्या चर्चकडून त्यात काही यायचं, आणि बाकी आमच्यासारख्यांच्या थैलीतून. त्या निधीवर बरंच काही चालायचं. चर्चच्या मागच्या गल्लीत एक घर भाड्याने घेतलं होतं. काम सुटलेल्या, मालकाने बाहेर काढलेल्या बायका तिथे राहायच्या. पगार बुडाला, एजंटाने पासपोर्ट दाबून ठेवला, तर त्यासाठी एक वकीलबाई होती. फिलिपिनो बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर होतं. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण आमच्या मंडळीतून निधी गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. मागून घेतलं होतं मी ते. डाळ-तांदळाच्या पुड्या बांधून त्यांवर नावं घालायची, लोकांच्या मागे लागायचं, कुणी टाळाटाळ केली तर चारचौघांत विचारायचं, हे सगळं मी फार मनापासून करायचे. माणसं मला बघून चप्पल शोधायला लागायची.

त्या घरातल्या बायकांबद्दल मात्र माझं मत काही फारसं चांगलं नव्हतं. माझं म्हणणं, नीट राहिलं, तोंड आवरलं, तर कुणी कशाला घराबाहेर काढेल? आम्ही नाही का राहत? एकदा निधीच्या कमिटीच्या बैठकीत मी असंही सुचवलं की या बायका फुकट राहतात, तर निदान शनिवारी आमचा हॉल तरी झाडून ठेवावा. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा विषय घेतला. हे खजिनदार जालन्याकडचे, रमात गानला एका आजारी प्राध्यापकाकडे कामाला. आवाज दणदणीत, पण स्वभावाने अगदी भिडस्त माणूस.

कमिटीत दुसरी बाई होती ती सोलापूरची. तीही पेताह तिक्वालाच, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून एका आजोबांकडे. आमचं दोघींचं तसं बरं होतं, पण मी लाडू आणले की ती चिवडा आणायची आणि मी सुती साडी नेसले की ती रेशमी. निदान मला तसं वाटायचं. एकमेकींना आम्ही अहो-जाहो करायचो.

मग आजी वारल्या. उन्हाळ्याच्या शेवटी. थोडे दिवस दवाखान्यात होत्या, मी जवळच होते. दुसऱ्याच दिवशी त्यांना दफनभूमीत पोहोचवून आले तर इमारतीच्या फाटकावर काळ्या चौकटीतला कागद चिकटवलेला होता. इकडे मयताची बातमी अशीच लावतात. सात दिवसांच्या दुखवट्याला ओफाकिमहून, नेतिवोतहून नातेवाईक आले, माझ्या खोलीत गाद्या पडल्या. मला कुणीही जा म्हटलं नाही. आजींच्या मुलीने तर हात धरून विचारलं, कुठे जाशील? मी म्हटलं, मैत्रिणी आहेत ना माझ्या. एवढं बोलल्यावर मग बॅग उचलणं भागच पडलं.

मैत्रिणी म्हणजे कोण? सगळ्या दुसऱ्यांच्या घरात एका खाटेच्या जागेत राहणाऱ्या. एजन्सीवाला म्हणाला, सणांचे दिवस आहेत, महिना-दीड महिना थांबा, नवीन काम बघतो. व्हिसाची मुदत होती, पण डोक्यावर छप्पर नव्हतं. मी बॅग घेऊन तेल अवीवच्या बसस्थानकावर बराच वेळ बसले. फाटकावरचे शिपाई माझ्या बॅगेकडे बघायला लागले तेव्हा उठले, आणि याफोला त्या मागच्या गल्लीतल्या घराचं दार वाजवलं.

ते घर चालवणारी बाई याफोचीच, अरब ख्रिस्ती, साठीच्या पुढची. तिथल्या बायका आपापल्या भाषेत तिला मावशीच म्हणायच्या. तिने मला ओळखलं. निधीच्या पुड्या घेऊन मी महिन्यातून एकदा तिच्या दारापर्यंत यायचे, आत कधी गेले नव्हते. मी हिब्रूत जुळवाजुळव करून तिला एवढंच म्हटलं की आमच्या मंडळीला कळू देऊ नका.

"बेसेदेर," ती म्हणाली, म्हणजे ठीक आहे. आणि तिने मला खिडकीजवळची खाट दाखवली.

तिथे मी कशी राहिले ते सांगायला आजही जीभ जड होते. घर वाईट नव्हतं. सहा-सात बायका होत्या, नेपाळच्या, श्रीलंकेच्या, एक केरळची. कुणी मला काही विचारलं नाही. स्वयंपाकाची पाळी असायची. माझी पाळी आली आणि मी कपाट उघडलं तर समोर पुडी. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, तूर. ती पुडी मी तशीच हातात धरून उभी राहिले. ज्यांच्यासाठी ती मी बांधली होती त्यांच्यात आज मी बसले होते, आणि बांधताना माझ्या मनात त्यांच्याबद्दल काय होतं ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी केलेलं वरण मला गिळवेना. केरळच्या मुलीला ते इतकं आवडलं की तिने दोनदा घेतलं.

मला एकच धास्ती होती, आमच्या लोकांना कळलं तर? कमिटीवरची बाई, पावतीपुस्तक घेऊन फिरणारी, स्वतःच त्या घरात. पासपोर्ट गेला असता, पैसे गेले असते, तरी मी इतकी घाबरले नसते. म्हणून शनिवारी मी इस्त्रीची साडी नेसून मागच्या गल्लीने बाहेर पडायचे, घड्याळाच्या चौकापर्यंत चालत जायचे, आणि तिथून वळून सरळ रस्त्याने, पदराने घाम पुसत, शेरूतमधून उतरल्यासारखी चर्चमध्ये शिरायचे. चर्च माझ्या खाटेपासून हाकेच्या अंतरावर होतं.

आणि लोक विचारायचे, "आजी कशा आहेत?"

मी म्हणायचे, बऱ्या आहेत.

पहिल्यांदा एवढंच म्हटलं. पण खोटं बोलायला लागलं की नुसतं बऱ्या आहेत म्हणून भागत नाही. पुढच्या शनिवारी आजींनी थोडी पेज घेतली. त्याच्या पुढच्या शनिवारी त्या वॉकर धरून गॅलरीपर्यंत चालल्या. एकदा तर त्यांच्या मुलीने नवी आरामखुर्ची आणली, तिचा रंगही मी सांगितला. जिला पुरून आले होते तिला मी तिथे दर शनिवारी थोडी थोडी बरी करत होते. रात्री खाटेवर पडलं की आजींची आठवण यायची आणि लाज अशी वाटायची की मी त्यांच्यासाठी रडूसुद्धा शकले नाही. सोलापूरची बाई तेवढी आजींबद्दल कधी विचारत नसे. मी वॉकरची गोष्ट सांगत होते तेव्हा ती उठून चहाचे कप विसळायला गेली. मला वाटलं, बघा, किती ताठा आहे.

मधल्या वारी वकीलबाई चर्चच्या ऑफिसात बसायची. मावशीने मला ढकलूनच तिच्यापुढे नेलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की मालक वारला तरी इतक्या वर्षांच्या नोकरीची भरपाई कायद्याने मिळते, घरच्यांना पत्र लिहू. मी म्हटलं, त्यांच्याकडे मी मागणार नाही, ती माझी घरची माणसं आहेत.

"हे मागणं नाही," ती म्हणाली. "हे तुमचंच आहे. आणि माझा पगार लोकांच्या देणगीतून होतो. तुम्ही सगळ्या अशाच नको म्हणायला लागलात तर तो मी फुकट घेते असं होईल."

मी सही केली. आजींच्या मुलीने जराही कुरकुर न करता होकार कळवला, पण कागदपत्रं व्हायला वेळ होता. तोवर माझ्या पर्समध्ये होते ते मोजकेच पैसे.

अशात आमचा हंगामाचा सण आला.

हा सण आमच्या मराठी मंडळ्यांत फार हौसेचा. पीक निघालं की पहिलं फळ देवाला आणायचं. कुणी जोंधळ्याचं पोतं आणतो, कुणी कोंबडी, कुणी लोणच्याची बरणी. उपासना झाली की चर्चच्या अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि आलेली रक्कम चर्चच्या कामाला जाते. लिलावातही गंमत असते. घेणारा पुष्कळदा ती वस्तू परतच अर्पण करतो, ती पुन्हा लिलावाला उभी राहते, आणि एकच कोंबडी दिवसभरात चार वेळा विकली जाते. बोलीत चढाओढ झाली की माणसं खूश होतात. बोली चढवणं यालाच दान म्हणतात तिथे, आणि त्यात माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. याफोला आमच्याकडे ना शेत ना शिवार, तरी आम्ही हा सण करायचो. ज्यूंच्या सुक्कोत सणाच्या सुट्ट्या असायच्या, त्यामुळे माणसं यायला मोकळी असायची. त्या वर्षीचा सगळा लिलाव मदतनिधीला जाणार होता. मागच्या घराचं भाडं थकलं होतं, असं खजिनदारांनी सुरुवातीलाच सांगितलं. मी मान खाली घातली.

मी लिंबं नेली होती. मावशीच्या अंगणातल्या झाडाची, तिला विचारून तोडलेली. ती चटकन कुणीतरी घेतली. सोलापूरच्या बाईच्या कुरडया गेल्या, नगरहून कुणाच्या तरी आईने पाठवलेलं लोणचं गेलं. मी शेवटच्या रांगेत गप्प बसले होते. मग शेतावर काम करणाऱ्या एकाने भोपळा आणून टेबलावर ठेवला. तांबडा, गरगरीत, दोघांनी उचलावा असा. हॉलभर हशा झाला.

माझ्या शेजारी एक नवी मुलगी बसली होती, महिन्याभरापूर्वीच आलेली. तिला कुणीतरी माझे पराक्रम सांगितले असावेत. ती मोठ्याने म्हणाली, "काकू, आज तुमचा आवाज नाही? तुमच्याशिवाय बोली सुरू होत नाही म्हणे."

चाळीस माणसं मागे वळून बघायला लागली. गप्प राहिले असते तर काय झालं असतं? काहीही नाही. पण माझ्या डोक्यात आलं की आता गप्प बसले तर कळेलच सगळ्यांना. तोंडातून निघून गेलं, "पन्नास शेकेल."

खजिनदार लिलाव करत होते. त्यांनी दुसरीकडे बघितलं आणि म्हणाले, "कुणी बोलतंय का?"

मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने.

"ऐंशी," पुढच्या रांगेतून सोलापूरची बाई म्हणाली.

"ऐंशी एक वार, दोन वार," खजिनदार एका दमात म्हणून टाकायला लागले. इतकी घाई करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, गाडी चुकतेय का?" मी म्हटलं. "शंभर."

लोक हसले, पण हसू कसंतरीच होतं. सोलापूरची बाई वळली, माझ्याकडे रोखून बघत तिने हळूच मान हलवली आणि आकडा वाढवला. मला वाटलं ही मला डिवचतेय. म्हणजे आता हिच्यापुढे हरायचं? मी वाढवला. तिने वाढवला. खजिनदार दर वेळी तिच्याकडेच बघत मोजत होते, माझ्याकडे त्यांचं लक्षच जात नव्हतं, आणि मी उभी राहून हात वर करून बोलत होते. अंगात आल्यासारखं झालं होतं मला. शेवटी मी माझ्या अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढा आकडा म्हटला. ती खाली बसली.

खजिनदारांनी एक वार म्हटलं, दोन वार म्हटलं, आणि बराच वेळ थांबून, अगदी हळू आवाजात, तीन वार. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मग त्या नव्या मुलीने वाजवल्या आणि तिच्या मागून सगळ्यांनी.

भोपळा परत अर्पण करावा हेही मला सुचलं नाही. खजिनदार जवळ येऊन म्हणाले, "सावकाश द्या, ताई. काही घाई नाही." मी ताठ मानेने म्हटलं, पुढच्या शनिवारी देते.

आता घरी जायचं होतं. माझं घर पाठीमागच्या गल्लीत. पण सोलापूरच्या बाईने भोपळ्याची एक बाजू धरली आणि म्हणाली, "चला, आपली गाडी एकच." नाही कसं म्हणू? तिच्याबरोबर तो भोपळा उचलून मी शेरूतच्या थांब्यापर्यंत गेले. ड्रायव्हर म्हणाला, तो सीटवर बसणार असेल तर त्याचंही तिकीट पडेल. मी भोपळा मांडीवर घेतला. जिथे माझं कुणी उरलं नव्हतं अशा गावाला मी भाडं भरून निघाले होते.

आजींची गल्ली आली तशी मी ड्रायव्हरला हाक मारायला तोंड उघडलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"बस खाली," ती म्हणाली. इतकी वर्षं ती मला अहो-जाहो करायची. "कुठे उतरतेस? तिथे आता दुसरे भाडेकरू आलेत."

मी भोपळा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"सात दिवसांत मी गेले होते तिथे. फाटकावरचा कागद बघितला, आमच्या आजोबांकडून वाचून घेतला, आणि तुला भेटायला गेले. त्यांची मुलगी म्हणाली तू मैत्रिणीकडे गेलीस. मी म्हटलं, ही कुणाकडे जाणार? मग मावशीला फोन केला."

"तिने सांगितलं?"

"ती कशाला सांगेल? गप्प बसली. तेवढ्यावरून कळलं."

"आणखी कुणाकुणाला ठाऊक आहे?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "त्या नव्या मुलीला नाही," ती म्हणाली.

म्हणजे सगळ्यांना. दर शनिवारी मी घाम पुसत आत शिरायचे तेव्हा ठाऊक होतं. पेज, वॉकर, आरामखुर्ची, सगळं ऐकताना ठाऊक होतं. वरून ते विचारत होते, आजी कशा आहेत, की कधीतरी ही खरं सांगेल. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं मला. पण मांडीवर भोपळा होता, हलतासुद्धा येईना.

"मग तुम्ही बोली का वाढवत होतात?" मी कसंबसं विचारलं.

"तुला सोडवायला, बये. भोपळा माझ्या गळ्यात पडला असता तर तुझी सुटका होती. खजिनदारभाऊ बिचारे जिवाचा आटापिटा करत होते. तू कुणाचं ऐकशील तर ना. शेवटचा आकडा म्हटलास तेव्हा माझ्याकडे तेवढे नव्हतेच, म्हणून बसले."

ती तिच्या थांब्यावर उतरली, आजोबांना संध्याकाळचं औषध द्यायचं होतं. मी शेवटपर्यंत गेले आणि त्याच गाडीने परत आले. मावशीने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, भोपळ्याकडे बघितलं आणि सुरी आणायला गेली. तिने त्याची मसूर घालून भाजी केली. दुसऱ्या दिवशी मी घारगे केले. आठवडाभर त्या घरात भोपळाच चालू होता. सगळ्यांनी आवडीने खाल्ला, आणि मीही खाल्ला.

पुढच्या शनिवारी मी मागच्या दारानेच चर्चमध्ये गेले. उपासनेनंतर खजिनदारांनी लिलावाचे आकडे वाचून दाखवले, नावांसकट, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. लिंबं, कुरडया, लोणचं, पुढे शेंगदाणे. भोपळा त्यांनी वगळला. मी उठले.

"भाऊ, भोपळा राहिला," मी म्हटलं. "तो मी घेतला होता. माझ्याकडे द्यायला पैसे नाहीत. आजी वारल्या. मी मागच्या घरात राहते." एवढं बोलून बसायला हवं होतं, पण मनात आलं की आता ते वस्तू परत मागतील, म्हणून पुढे म्हटलं, "आणि भोपळा आम्ही खाल्ला."

कुणी हसलं नाही. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. "बरं," ते म्हणाले. "मग आधीची बोली धरायची. तसा नियम आहे." असा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. सोलापूरची बाई उठली आणि तिने एक पाकीट टेबलावर नेऊन ठेवलं. ते तिने घरून तयार करून आणलं होतं. मला तिचे आभार मानता आले नाहीत. मी माझ्या बोटांकडे बघत बसले. घेताना माणसाने कुठे बघायचं असतं, हे मला कधी कुणी शिकवलं नव्हतं.

चहाच्या वेळी मी कोपऱ्यात उभी होते. वाटलं, आता कुणी जवळ येणार नाही. खजिनदार कप घेऊन आले, मागून सोलापूरची बाई, आणखी चारपाच जणी. खजिनदारांनी विचारलं, "शेवटी तुम्ही जवळ होता का हो, आजींच्या?"

दोन महिने हा प्रश्न त्यांच्या मनात तसाच असणार. आणि मी त्यांना खुर्चीचा रंग सांगत होते.

"होते," मी म्हटलं. "शेवटी शेवटी हिब्रू विसरल्या होत्या. मराठीतच बोलायच्या. नर्सला कळेना, मुलीला अर्धंमुर्धं कळायचं. सारखं विचारायच्या, पाववाला आला काय. मुंबईच्या चाळीतला. मी म्हणायचे, हो आजी, आला."

"मग?" सोलापूरची बाई म्हणाली.

"शेवटच्या दिवशी म्हणाल्या, 'घेऊन ठेव गो बाय, सगल्यांपुरते घे. पैसे उद्या देतो म्हनून सांग त्याला.'"

आधी खजिनदारांना हसू आलं, मग सगळ्यांना. मलाही हसू आलं. हसता हसता माझा कप हिंदकळला, तो सोलापूरच्या बाईने काढून घेतला, आणि आजी गेल्यापासून पहिल्यांदाच, सगळ्यांच्या देखत, मी रडायला लागले.